यादीतलं खुर्द

माझ्या भाचीचं म्हणणं आहे की मला काही कळत नाही. गेले आठ दिवस ती लातूरला माझ्याकडे होती. तीन वर्षं ज्याच्याबरोबर होती त्या मुलाने "आता बस" असं कळवलं, म्हणून रजा टाकून नांदेडहून आली. येताना चष्मा, चार्जर आणि ज्या बॅगेत कपडे होते ती बॅग, तिन्ही विसरून आली. दिवसातून दहा वेळा त्याला मेसेज लिहिते, पुसते, पुन्हा लिहिते, पाठवते, आणि मग का पाठवला म्हणून रडते. मध्येच दोन तास शेजारच्या मांजरीसाठी खोकं रंगवत बसते, अगदी मजेत, गाणं म्हणत. रंग वाळायच्या आत तिला आठवतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

काल मी म्हटलं, "एक वही घे आणि नीट लिहून काढ."

"मावशी, तुला काय कळणार?" ती म्हणाली. "तुझं सगळं वहीत असतंय. तुझं डोकं कधी असं फिरलंय का?"

असं कुणी म्हटलं की माझा जीव कावतो. माझ्या याद्या लोकांना हौस वाटतात. फ्रीजवर एक, दाराच्या आतल्या बाजूला एक, पर्समध्ये एक. दारावरच्या यादीत "गॅस बंद, किल्ली, पाण्याचा नळ, चप्पल एकाच जोडाची" असं लिहिलंय, त्याला पाहुणे हसतात. शेवटचं कलम अनुभवातून आलेलं आहे. पाय मोडलेल्या माणसाच्या कुबडीला कुणी हौस म्हणत नाही.

दोन वर्षांपूर्वी हिलाच घेऊन मी नांदेडच्या डॉक्टरांकडे गेले होते. फॉर्म भरायचा होता; ती पहिल्याच पानावर कंटाळली, म्हणून पेन मी घेतलं. हातातलं काम अर्धवट टाकून दुसरं धरता का? हो. समोरचा बोलत असताना मन भलतीकडे जातं का? हो. विचार न करता बोलून मग पस्तावता का? हो, हो. मी भराभर खुणा केल्या. डॉक्टरांनी दोन पानं वाचली आणि चष्म्यावरून पाहून विचारलं, "हा फॉर्म कुणाचा आहे? यात पोरं-बाळं नाहीत, बदल्या दोन आणि निवृत्तीला तीन वर्षं, असं लिहिलंय."

मी माझाच फॉर्म भरला होता.

तर एडीएचडी आम्हा दोघींनाही आहे. भाचीला पंचविसाव्या वर्षी कळलं, मला पंचावन्नाव्या. मी डॉक्टरांना म्हटलं, "पण मी तर याद्या करते." ते म्हणाले, "नसत्या केल्या तर तुम्ही माझ्याकडे फार आधी आला असता." तेव्हापासून मला राहून राहून एकाच गोष्टीचा राग येतो. ज्या दिवसांत हे कुणी सांगायला हवं होतं त्या दिवसांत मला सगळ्यांनी सल्ले दिले, एकानेही नाव सांगितलं नाही.

ते दिवस म्हणजे लातूर नवा जिल्हा झाला ते. मी बावीस वर्षांची. गाव मुदखेड, वडील रेल्वेत. नांदेडच्या कार्यालयात मला तात्पुरती नेमणूक मिळाली होती, आणि नव्या जिल्ह्याला माणसं हवीत असं कळल्याबरोबर मी अर्ज देऊन मोकळी झाले. घरी विचारलं नाही, त्यालाही विचारलं नाही. अर्ज दिल्यावर आठवलं की विचारायचं होतं.

तो नांदेडला पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचा. हाताला शाई न लागू देता काम करणारा माणूस. घरच्यांना माहीत होतं, बोलणी दिवाळीनंतर करू असं दोन्हीकडून ठरत आलं होतं. बदलीचं ऐकून तो एवढंच म्हणाला, "बरं. अर्ध्या वाटेवर भेटत जाऊ." अर्धी वाट म्हणजे अहमदपूर. एक रविवार सोडून एक रविवार, सकाळी अकरा, स्टँडवरच्या घड्याळाखाली. तो लोह्याकडून यायचा, मी चाकूरकडून.

नव्या जिल्ह्यात नवं काहीच नव्हतं. जुन्या जिल्ह्याहून ट्रकने दप्तरं आली होती, लाल फडक्यात बांधलेली. खुर्च्या कमी म्हणून आम्ही त्या गाठोड्यांवरच बसायचो. कागदांवर जुन्या जिल्ह्याचं नाव छापलेलं. ते खोडून वर 'लातूर' लिहायचं, हे माझं पहिल्या आठवड्यातलं काम. मला ते फार आवडलं. जे नवं असतं ते मला आवडतंच, पहिला आठवडा.

मग मला टंचाई शाखेत दिलं. पाऊस लागोपाठ दोन वर्षं न झालेला, विहिरी तळाला गेलेल्या, आणि गावोगाव टँकर सुरू झालेले. कोणत्या गावाला किती खेपा, याची यादी दर बुधवारी निघायची. दोन कार्बन लावून हाताने लिहायची. एक प्रत टँकरवाल्याला, एक तहसीलला, एक फायलीला. यादी लिहायची मी. सही करायचे आमचे अव्वल कारकून, जुन्या जिल्ह्यातून आलेले, त्यांना सगळे रावसाहेब म्हणायचे. तपकीर ओढायचे आणि तपकिरीच्या दोन चिमटींमध्ये जेवढं बोलता येईल तेवढंच बोलायचे.

पहिल्या महिन्यातच मी एका यादीवर गेल्या महिन्याची तारीख घातली. लेखी ताकीद, म्हणजे ज्ञापन, मिळालं. रावसाहेबांनी ते माझ्यापुढे सरकवलं.

"बाई, तात्पुरत्या माणसाला एक ज्ञापन चालतं. दुसरं आलं की नेमणूक संपली. मग मुदखेडची गाडी किती वाजता असते ते तुमच्या वडिलांना विचारा, त्यांना पाठ असंल."

मला ते वेळापत्रक नको होतं. मुदखेडला परत गेले असते तर दोन महिन्यांत कुठल्या तरी घरी भाकरी थापत असते. तो बोलणी करून घेऊन जाईल ते वेगळं. पण नोकरी गेली म्हणून परत जाणं, हे होऊ द्यायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

आता अहमदपूर. ठरलेल्या आठ रविवारांपैकी एक मी चक्क विसरले. एकदा पोचले ती शनिवारी. तीनदा उशिरा. तो खिशातल्या छोट्या डायरीत लिहून ठेवायचा, रागाने नव्हे, त्याची ती सवयच. आठव्या रविवारी मी वेळेवर निघाले होते. बसमध्ये शेजारी एक बाई होत्या, त्यांच्याकडे सुपारीच्या झाडाचं रोप होतं. सुपारी, आणि चाकूरच्या उन्हात! ते रोप कसं जगवणार हे ऐकता ऐकता मी त्यांच्याबरोबर चाकूरला उतरले, चहा घेतला, आणि बस माझी पिशवी घेऊन पुढे गेली.

"किती वाजले?" त्याने विचारलं.

"दीड. पण ऐका ना, चाकूरला एक बाई भेटल्या, त्यांच्याकडं…"

"तेच. बाई भेटल्या." त्याने माझी पिशवी पुढे केली. कंडक्टरला विचारून त्याने ती उतरवून घेतली होती. "तुझं माझ्यावर मन नाही असं मी म्हणून नाही राहिलो. मन आहे. पण तुझ्या यादीत मी खुर्द. जे समोर दिसून राहिलं ते बुद्रुक. मी समोर असलो की मी बुद्रुक, माझी बस गेली की खुर्द."

मी हसले. टंचाई शाखेत मी हेच दिवसभर लिहीत होते आणि मीच त्याला सांगितलं होतं: एकाच नावाची दोन गावं असली की थोरल्याला बुद्रुक म्हणायचं, धाकट्याला खुर्द, आणि यादीत नुसतं बु. आणि खु. त्याने ते लक्षात ठेवलं होतं. तो सगळंच लक्षात ठेवायचा.

"हसू नको," तो म्हणाला. "घरी एक स्थळ आलंय. मी हो म्हणून राहिलो."

आणि लोह्याची बस लागली तसा तो गेला.

माझी चूक अशी की मी व्याकरण काढलं. 'हो म्हणून राहिलो' म्हणजे आमच्या नांदेडकडे काय? म्हणतोय. चालू आहे. संपलेलं नाही. 'हो म्हटलं' असं तर तो म्हणाला नाही! त्या एका 'राहिलो'वर मी पुढचे दिवस काढले. चौदा पत्रं लिहिली. जेवणाच्या सुट्टीत एक, सकाळी हजेरीआधी एक. लिहायचं नाही असं ठरवून पोस्टावरून जायचे, आणि पेटीत टाकल्यावर आठवायचं की ठरवलं होतं.

सल्ले भरपूर मिळाले. मी एका डाळ मिलवाल्यांच्या घरात मागची खोली घेऊन राहायचे. घरच्या काकू लिंगायत, स्वभावाने मायाळू, पण मायेत माणसाला गुदमरवणाऱ्या.

"काय लिहूलालीस गं सारखं?"

"पत्र."

"त्यालाच? अगं, त्यानं तर नको म्हटलंय म्हणं."

"नको नाही म्हटलं. दुसरीला हो म्हणून राहिला."

काकूंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "मग ते काय निराळं असतंय, माय? सोमवार धर. बेल वाहा. चित्त एका जागी बसतंय."

मी सोमवार धरला. तिसऱ्या सोमवारी उपवास आहे हे विसरून त्यांच्याच ओट्यावर त्यांच्याच हातची भजी खाल्ली. त्यांनी कपाळाला हात लावला. ऑफिसातल्या टायपिस्ट बाई म्हणाल्या, "मन कामात घाल." मन कामात घालता येत असतं तर पत्रं कशाला लिहिली असती? आणि खरी गंमत ही की ते अधूनमधून जायचंही. दप्तरांचं एखादं गाठोडं सोडून लावायला बसले की चार-चार तास तो माझ्या डोक्यात नसायचा. मग पाणी प्यायला उठायचे आणि आठवायचं, आणि जणू त्याने आत्ताच सांगितलं असं व्हायचं. दुसऱ्यांना एकदा सोडून जातात. मला तो रोज दोन-तीनदा सोडून जायचा. हे मी टायपिस्ट बाईंना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुझं खरं प्रेम नव्हतंच." असा संताप आला की त्यांच्या टेबलावरची टाचणी-पेटी माझ्या हातून सांडली, आणि मग त्या टाचण्या वेचण्यात माझा अर्धा तास छान गेला.

याहून वाईट पुढे आहे. एका रविवारी सकाळी मी उठले, केस धुतले, इस्त्रीचं पातळ नेसले, स्टँडवर गेले आणि अहमदपूरच्या बसमध्ये बसले. चाकूरला उतरले नाही. सुपारी नाही, चहा नाही. पावणेअकराला घड्याळाखाली उभी. पहिल्यांदाच वेळेवर. सव्वाअकरा झाले तशी मला चीड यायला लागली: मला बोलायचा, आणि आज स्वतः उशीर! साडेअकराला लोह्याची बस आली, रिकामी झाली, तरी नाही. आता आला की त्याला डायरीच काढायला लावते, असं मनात म्हणत होते, आणि त्या वाक्याच्या मध्यावर आठवलं.

तिथल्या रसवंतीवाल्याने विचारलं, "ताई, कुणी यायचं होतं का?" मी म्हटलं, "नाही. मीच आले."

परतीच्या बसमध्ये मी रडले नाही. मी चिडले होते, आणि ज्याच्यावर चिडायचं तो माणूस मीच असल्यामुळे सोय नव्हती.

त्याच आठवड्यातला बुधवार. मी यादी लिहीत होते. टपाल आलं, त्यात माझ्या नावाचं मोठं खाकी पाकीट. आत माझी चौदा पत्रं, एकही फोडलेलं नाही, तारखेप्रमाणे लावून दोऱ्याने बांधलेली. वर त्याच्या सुंदर अक्षरात चिठ्ठी: 'लग्न ठरलं आहे. यांतलं एकही वाचलेलं नाही. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात जिल्हा अजून जुना लिहितेस. दुरुस्त कर.'

मी पाकीट पर्समध्ये कोंबलं आणि यादी पुरी केली. दुसरं काय करणार? यादी साडेबाराला जायची होती.

शनिवारी सकाळी टँकरवाला खेपांच्या पावत्यांवर सही घ्यायला आला. जाडजूड माणूस, कानात अत्तराचा फाया.

"बाई, एक इचारू का? बुद्रुकला दुपटीनं कामून टाकूलालाव आपण? दोन्ही टँकर तिथंच. हिरीला पाणी मावंना. काल तर लोक म्हशी धुऊलालते."

"दोन्ही कसे? एक खुर्दला."

"कागदावर तसं न्हाई की." त्याने मळकी प्रत काढली. एकाच नावाच्या दोन ओळी, एकाखाली एक. पहिल्या ओळीत बु. दुसऱ्या ओळीतही बु. माझं अक्षर, माझी शाई. दोन्ही कार्बनमधून खालपर्यंत अगदी स्वच्छ उमटलेलं.

"मग खुर्दला?"

"खुर्दला तीन दिस झालं, कोण गेलंच न्हाई."

रावसाहेब फिरतीवर होते, सोमवारी येणार होते. फायलीतली प्रत माझ्याच कपाटात, टँकरवाल्याची माझ्या हातात, आणि तहसीलची प्रत कुणी पुन्हा उघडत नसे. उकार तोच, फक्त एक अक्षर. ब चा ख करायला ब्लेडचं टोक आणि दोन मिनिटं पुरली असती, आणि मग चूक टँकरवाल्याची झाली असती. हे सगळं मला लगेच सुचलं, हेही लिहून ठेवते. पण मला दुसरंही एक लगेच सुचलं, आणि माझं डोकं असं आहे की त्यात जे शेवटी येतं ते आधी घडतं. मी पर्स उचलली, "चला, आत्ता भरा आणि खुर्दला घ्या," म्हटलं, आणि टँकरच्या केबिनमध्ये चढून बसले. मी कुणाला विचारलं नाही आणि रजाही टाकली नाही. रेणापूरच्या रस्त्याला लागेपर्यंत लक्षातही आलं नाही की मी कामाची जागा सोडून आले आहे. म्हणजे दुसऱ्या ज्ञापनाला आता दोन कारणं झाली.

टँकर खुर्दच्या विहिरीला लागला तशी माणसं गोळा झाली. पाइप सुटला, पाणी खाली पडायचा आवाज आला, आणि गर्दीतून एक बाई सरळ माझ्यापाशी आली. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, कमरेला पदर खोचलेला.

"तूच का गं ती यादीवाली?"

"हो."

"तीन दिस बुद्रुकच्या हिरीवर रांगंत हाव आमी. त्यांच्या म्हशी धुऊन झाल्यावर आमच्या घागरी. 'धाकल्यांनी मागं थांबावं' म्हणूलालते."

"चूक माझी आहे. खु.च्या जागी बु. पडलं."

"कुठं? दाव."

मी प्रत दाखवली. तिला वाचता येत होतं. बोट ठेवून तिने दोन्ही ओळी वाचल्या, मग माझ्याकडे पाहिलं.

"ह्ये? आमचं आख्खं गाव तू एका अक्षरात बसिवलंस?"

"सगळे असंच लिहितात."

"सगळ्यास्नी पाणी हाय. तू पुरं लिही. आत्ता लिही, माझ्याम्होरं. खुर्द. मोट्या अक्षरात."

माझ्याकडे दुसरा कागद नव्हता. पर्समधून ते खाकी पाकीट काढलं, विहिरीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि मागच्या बाजूला गावाचं नाव आणि 'खुर्द' असं पुरं लिहिलं. तिने वाचून पाहिलं. "आता कसं दिसतंय," ती म्हणाली. मग तिचं लक्ष आतल्या दोऱ्याकडे गेलं. "एवढी पत्रं कुणाची?"

"माझीच. परत आली."

"फोडलीबी न्हाईत की."

"नाही."

"ठिवायची हायती?"

मला कुणी हा प्रश्न विचारलाच नव्हता. सगळ्यांनी विसर म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, "माहीत नाही."

"मंग दे इकडं. जळणबी न्हाई घरात. भिऊ नगं, वाचाय येतंय मला, पर येळ न्हाई."

चौदा पत्रांवर अर्धा-अर्धा कप चहा झाला, तिला, मला आणि टँकरवाल्याला. टँकरवाला म्हणाला, "कागुद लई दाट हाय, चांगला पेटला." मी रिकामं पाकीट घडी करून परत पर्समध्ये ठेवलं.

परत येताना केबिनमध्ये मी विचार केला तो असा. तीन दिवस एक गाव यादीतून गेलं, ते मला त्याची काळजी नव्हती म्हणून नव्हे. मी तिथे काय लिहिलंय ते मलाच दिसलं नाही, म्हणून. आणि 'म्हणून राहिलो' हे मी कुठे तरी मनात अर्धवट लिहून ठेवलं होतं, बु. आणि खु.सारखं, म्हणून मला ते दरवेळी हवं तसं वाचता येत होतं. अर्धं लिहिलेलं माझ्या डोक्याला चालत नाही. ते रिकामी जागा आपल्या मनाने भरतं.

काकूंच्या ओट्यावर बसून मी पाकिटाच्या त्याच बाजूला, 'खुर्द'च्या खाली, पुरं लिहिलं: 'त्याने मला अहमदपूरच्या स्टँडवर रविवारी दुपारी दीड वाजता सोडलं. त्याचं लग्न दुसरीशी ठरलं आहे. तो घड्याळाखाली येणार नाही. मी उशिरा जात होते हे खरं आहे. माझं मन होतं हेही खरं आहे. पत्रं जाळली. आता लिहायचं नाही.' सात वाक्यं. काकूंनी विचारलं, "पुन्हा पत्र?" मी म्हटलं, "नाही, यादी."

ते पाकीट मी टेबलाच्या खणात सगळ्यांत वर ठेवलं. चार तासांनी पाणी प्यायला उठले आणि आठवलं की खण उघडायचा आणि वाचायचं. दुखायचं तेवढंच. पण नव्याने काही घडल्यासारखं व्हायचं नाही. जुनीच बातमी, माझ्याच अक्षरातली. सोमवार आणि बेल यांनी जे झालं नाही ते यानं थोडंफार झालं. थोडंफारच. पुढच्या महिन्यात मी एकदा पोस्टापर्यंत गेले. हातात पत्र नव्हतं, नुसतीच गेले आणि तिकिटं घेऊन आले.

सोमवारी रावसाहेब आले. मी झालेली चूक एका कागदावर पुरी लिहून त्यांच्यापुढे ठेवली. कोणती ओळ, किती खेपा, कोणते तीन दिवस, आणि न विचारता टँकरमध्ये बसून गेले तेही. त्यांनी तपकिरीची चिमूट तशीच हातात धरून वाचलं.

"हे मला कळलं असतं का?" त्यांनी विचारलं.

"कदाचित नाही."

"मग कामून सांगितलं?"

"खु. असं लिहिलं की पुन्हा होईल. माझ्याच हातून होईल. पुढच्या यादीत गावांची नावं पुरी लिहायची परवानगी द्या. आणि शेजारी एक रकाना, पाणी पोचल्यावर गावातल्या माणसाची सही नाहीतर अंगठा."

"दोन पानांची यादी चार पानांची होईल. नव्या जिल्ह्यात कागद कुठनं आणू, बाई?"

"जुन्या जिल्ह्याचे आहेत ना. नाव खोडून."

त्यांनी चिमूट ओढली, शिंकले, आणि ज्ञापन काढायला टायपिस्ट बाईंना बोलावलं. दुसरं ज्ञापन. मी मुदखेडची पॅसेंजर डोळ्यांपुढे आणत उभी राहिले. त्यांनी तोंडी मजकूर सांगितला, आणि शेवटी म्हणाले, "'सक्त ताकीद देऊन कामावर ठेवण्यात येत आहे' असं घाला. पूर्ण घाला. 'स.ता.' नको. बाईंना पूर्ण लागतं."

ते ज्ञापन माझ्याकडे आहे. त्या वर्षी टंचाई पावसाळ्यापर्यंत चालली आणि मी दर बुधवारी चार पानं लिहिली. पुढे कायम झाले, लातूरलाच राहिले. लग्न केलं नाही. त्याची कारणं वेगळी आहेत, त्यांची यादी वेगळी. त्याचं काय झालं ते मला माहीत नाही. वेळेवर पोचत असेल.

हे सगळं मी भाचीला काल दुपारी सांगितलं. ती ऐकत होती, म्हणजे मांजरीच्या खोक्याला झाकण बसवत होती. मला ठाऊक आहे, हात चालू असले की तिला ऐकू येतं. मग तिने वही ओढली आणि लिहिलं: 'ब्रेकअप झालं. मूव्ह ऑन.'

"पुरं लिही," मी म्हटलं.

"मावशी!"

"कोणी, कुठे, कधी, काय शब्दांत. तू काय चुकलीस ते. काय नाही चुकलीस ते."

"तू लई खडूस आहेस."

पण लिहिलं. पाऊण पान. दोनदा रडली, एकदा उठून खोक्याला मागून एक खिडकी कापून आली. आज सकाळच्या गाडीने ती नांदेडला परत गेली, कामावर. दारावरची यादी मी तिला मोठ्याने वाचायला लावली: गॅस, किल्ली, नळ, चप्पल. चपला एकाच जोडाच्या होत्या.

ती गेल्यावर टेबल आवरायला घेतलं तर वहीचा तो कागद तिथेच. मी डोक्याला हात लावला आणि फोन केला. बस चाकूरच्या पुढे गेली होती.

"तुझा कागद इथंच राहिला."

"अरे देवा." मग बसच्या आवाजावरून मोठ्याने: "मावशी, मला आत्ताच परत आठवलं गं. सगळं. वाचून दाखवशील?"

मी चष्मा शोधला, डोक्यावर सापडला, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.